बांधावरची ओळ

४ फेब्रुवारी

डॉक्टरांनी काल दंडाला पट्टा बांधला, यंत्राकडे बघून ओठ मुडपले आणि विचारलं, "दिवसातून किती वेळा चिडता?" मी म्हणालो, "मी चिडत नाही, लोक चिडवतात." त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि वर सल्ला दिला, की यापुढे राग आला की बोलायचं नाही, लिहायचं. म्हणून ही वही. नव्या वहीची सुरुवात चांगल्या गोष्टीने करावी असं ताई म्हणते, पण आज चांगलं काही घडलेलं नाही. आज बांधावर बाईंशी भांडण झालं.

वही कुणी वाचणार नाही, तरी रीतसर लिहितो, हाताला तीच सवय आहे. मी नासपतीच्या एका बागेचा व्यवस्थापक. बाग माझी नाही, तीन भावंडांची आहे: मोठे मालक, मालकीणबाई आणि धाकटे मालक. तिघं तीन शहरांत राहतात. फळं पिकली की एकेकटे येऊन जातात, कारण एकत्र आले तर परत जाताना बोलत नाहीत. बाकीचं वर्ष बाग, विहीर, पंप, कुंपण आणि मी एकमेकांना धरून असतो. अठरा वर्षं झाली. बागेच्या तोंडाशी दोन खोल्या आहेत. एकीत अवजारं आणि फवारणीची औषधं राहतात, दुसरीत मी.

आजूबाजूला सगळ्या छोट्या बागायतदारांच्या बागा. त्यांनी मिळून संस्था काढली आहे. ट्रक संस्थेचा, पॅकिंग शेड संस्थेची, थंड खोली संस्थेची, इतकंच काय, मधमाश्यासुद्धा संस्थेच्या. आम्ही संस्थेत नाही. जमीन आपली असो की दुसऱ्याकडून कसायला घेतलेली, पण जो स्वतःच्या नावाने कसेल तोच सभासद, हा त्यांचा पहिला नियम. माझे मालक कसत नाहीत. मी कसतो, पण पगारावर, दुसऱ्याच्या नावाने. म्हणजे आम्ही चौघंही बाहेर. तरी सभेला मला बोलावतात. शेडच्या दाराजवळ वजनकाटा आहे, त्याला लागून पाहुण्यांचा बाक. त्यावर मी एकटा बसतो. मला काहीही विचारलं की मी म्हणतो, "मालकांना विचारून कळवतो." त्यावरून पाठीमागे माझं नाव 'कळवतो' पडलं आहे. मला ते माहीत नाही असा त्यांचा समज आहे.

लिहून राग गेला नाही. हात मात्र दुखला.

५ फेब्रुवारी

भांडणाचं लिहायचं राहूनच गेलं की.

संस्थेच्या अध्यक्ष म्हणजे आमच्या शेजारच्या बागेच्या बाई. इथे नुसतं 'बाई' म्हटलं की त्याच. त्यांच्या आणि आमच्या बागेमध्ये बांध आहे, बांधावर झाडांची एक ओळ आहे. त्या झाडांची फळं लहान आणि कडक. चावलं की तोंड वाकडं होतं. बाजारात नेली तर लोक हसतील. पण ती जात वेगळी आहे आणि आमच्या गोड झाडांच्या फुलांना तिचाच पराग लागतो, नाहीतर फुलं नुसती येतात आणि गळतात, फळ धरत नाही. त्यामुळे ओळ दोन्ही बागांना हवी. ती कुणाची हे कुणालाच माहीत नाही. बाई म्हणतात, त्यांच्या सासऱ्यांनी लावली. मी म्हणतो, आमच्या मालकांच्या वडिलांनी लावली. सरकारी मोजणी एकदाची करून टाकू असं दर वर्षी दोघंही बजावतो, आणि दोघंही करत नाही.

मग छाटणी कुणी करायची? दोघांनी. त्यांच्या बाजूने त्या आखूड छाटतात, माझ्या बाजूने मी फांद्या उंच ठेवतो. न्हावी अर्ध्यातून उठून जेवायला गेला असावा अशी ती झाडं दिसतात. येणारा-जाणारा थांबून बघतो.

काल बाई पलीकडून म्हणाल्या, "तुमची ही फांदी माझ्या बाजूला येतेय."

"फांदीला बांध कळत नाही."

"तुम्हाला तरी कळतो का?"

"मालकांना विचारून—"

"कळवा. फांदी वाळायच्या आत कळवलंत तर उपकार होतील."

एवढं बोलून त्यांना खोकल्याची ढास लागली. छाटणीच्या दिवसांत त्यांना हा खोकला होतोच, आणि गळ्याला काही गुंडाळायचं नाही हाही हट्ट ठरलेला. मी माझा मफलर बांधावर विसरून आलो. मुद्दाम नाही. आज बघायला गेलो तर तो बाईंच्या गळ्यात होता. मागितला नाही. उगाच वाद कशाला वाढवा.

९ फेब्रुवारी

मालकांनी फोनवर तिघांनी मिळून गाठलं. पडद्यावर तीन चौकोनांत तिघं, चौथ्यात माझं कपाळ. तिघं एकत्र दिसले तेव्हाच मी खुर्ची ओढून बसून घेतलं.

बाग दीर्घ मुदतीच्या करारावर द्यायची ठरवली आहे. दोन प्रस्ताव आले आहेत. एक मोठ्या कंपनीचा. दुसरा संस्थेचा.

संस्थेचा! आणि मला पत्ता नाही. बाई रोज बांधावर भेटतात, फांदीवरून भांडतात, आणि माझ्या डोक्यावरून थेट मालकांना प्रस्ताव!

"संस्थेची एकच अट आहे," मालकीणबाई म्हणाल्या. "बाग संस्थेचा सभासदच पाहील. तुम्हाला माहीतच असेल."

"माहीत आहे," मी म्हणालो. माहीत नव्हतं.

"मग दोन्ही प्रस्तावांचा अभ्यास करा आणि एप्रिलपर्यंत तुमचं मत सांगा," मोठे मालक म्हणाले. माझं पुढे काय, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? कंपनी आपली माणसं आणणार. संस्था सभासद आणणार. मी सभासद नाही. दोन्ही रस्ते याच खोलीच्या दारातून बाहेर जातात.

फोन ठेवल्यावर मी उगाच खोली झाडून काढली. खिडकीतून बाग दिसते. या खिडकीचे गज मी रंगवलेत, या दाराची कडी मी बसवलीय. माझं वाईट वाटणं लिहायला डॉक्टरांनी सांगितलेलं नाही, तरी लिहितो: खूप वाईट वाटलं.

११ फेब्रुवारी

शेडमध्ये गेलो. बाई थंड खोलीच्या दाराचं रबर तपासत होत्या आणि मास्तर टेबलापाशी बसले होते. मास्तर म्हणजे संस्थेचे चिटणीस. शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी समोरच्याने पाठांतर केलंय की नाही अशाच नजरेने बघतात. नियम त्यांना तोंडपाठ.

"मला न विचारता मालकांना प्रस्ताव?" मी म्हणालो. बोलायचं नाही, लिहायचं, हे विसरलो.

"तुम्हाला विचारलं असतं तर काय म्हणाला असतात?"

"मालकांना विचारून कळवतो."

"म्हणून मालकांनाच विचारलं." बाईंनी रबर सोडलं. "अट वाचलीत ना?"

"वाचली."

"मग?" त्यांनी असं काही बघितलं, जणू मी पेढे वाटायला हवे होते.

"मग काय! संस्था तुमची, सभासद तुमचे. उद्या बाग कुणाला द्यायची ते तुम्ही बघा."

बाई माझ्याकडे वळल्या. "तुम्हाला खरंच कळलं नाही? अहो—"

"बाई," मास्तर मध्येच म्हणाले, "आधी नियमात बसू दे. उगाच आशा नको लावायला."

"मला कसलीच आशा नाही, मास्तर," मी म्हणालो आणि निघून आलो. वाक्य चांगलं जमलं होतं, पण निघताना वजनकाट्याला गुडघा आपटला.

१५ फेब्रुवारी

रविवार. ताईचा फोन. सगळं सांगितलं. ताई म्हणाली, "मग ये इकडे. मागच्या खोलीतलं शिवणयंत्र व्हरांड्यात काढते. भाऊजींनाही गप्पांना कुणी हवंच आहे."

भाऊजी गप्पा मारत नाहीत, बातम्या मोठ्याने वाचून दाखवतात. पण ताईचा जीव मोठा आहे. मी हो म्हणालो. म्हणजे 'बघतो' म्हणालो.

"आणि त्या बाईंचं काय?"

"कुठल्या बाईंचं?"

"ज्यांच्याविषयी अर्धा तास बोललास त्या."

मी अर्धा तास करारावर बोललो होतो. ताईला वयोमानाने ऐकू कमी येतं की काय कोण जाणे.

२२ फेब्रुवारी

मास्तर खोलीवर आले. इतक्या वर्षांत कधी आले नव्हते. चहा घेतला, भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं आणि मग उलटतपासणी सुरू केली.

"तुमच्या नावावर कुठे काही जमीन?"

"नाही."

"वडिलोपार्जित? एखादा तुकडा?"

"काही नाही. माझ्या नावावर कुंडीसुद्धा नाही, मास्तर."

हे मी विनोदाने म्हणालो. पण म्हणून झाल्यावर त्यातलं खरं लक्षात आलं. एवढी झाडं वाढवली, आणि एकही माझं नाही.

मास्तरांनी चष्मा पुसला. "बांधावरच्या ओळीचं काय?"

"ती आमच्या मालकांची."

"नक्की?"

"छातीठोक सांगतो."

"म्हणजे वाद कायम," ते खिन्नपणे म्हणाले. "आणि वादातली जमीन नियमात चालत नाही. ना कुणाला द्यायला, ना घ्यायला." मग दारात जाऊन परत वळले. "तुम्ही थोडे कमी ठाम असतात तर फार बरं झालं असतं हो."

आता मला डाव कळला. संस्थेला करारात ओळही हवी आहे! वा रे वा. बाग तर घ्याच, वर ओळही घ्या. मी त्यांचा चहाचा कप जरा आपटूनच विसळला.

८ मार्च

बाग फुलली. सगळं पांढरं. दर वर्षी बघतो आणि दर वर्षी कामं सोडून मध्येच उभा राहतो. मी बाकी कशापुढे असा उभा राहिलो नाही आयुष्यात.

सकाळी संस्थेचा ट्रक थेट आमच्या फाटकातून आत. चालवणारा गिअर. त्याचं खरं नाव सगळे विसरलेत, कारण तो गिअर बदलला की गावभर कळतं. तो आणि हमाल मिळून मधमाश्यांच्या पेट्या उतरवायला लागले.

"ओ, इथे कुठे? आम्ही सभासद नाही!"

"बाईंनी सांगितलंय, बागेच्या मधोमध ठेव."

"ही संस्थेची बाग नाही."

"आज नाही," गिअर म्हणाला आणि हसला.

"आणि पेट्यांचं भाडं? मालकांना विचारून कळवावं लागेल."

"माश्यांनाच सांगा की कळवायला," तो म्हणाला, आणि हमालांसकट सगळे खो खो हसत सुटले. मीही हसलो असतो, पण मला ते नाव माहीत नाही असं ठरलेलं आहे ना. मग ट्रकमागे जाऊन हसून घेतलं.

मला ही माणसं आवडतात. लिहून टाकलं. डॉक्टर म्हणाले होते मनातलं लिहा.

१९ मार्च

कंपनीचा माणूस आला. बूट इतके चकचकीत, की चिखल आपणहून बाजूला झाला. माणूस वाईट नाही. अदबीने बोलला, झाडांची तब्येत बघून "कमाल आहे" म्हणाला. पुढच्या वर्षीपासून पाणी, खत, फवारणी, सगळं दूर शहरात बसून पडद्यावर पाहणार म्हणे. माझ्या खोलीत यंत्रं येतील.

"खोली कधी रिकामी होईल?"

"मालकांना विचारून कळवतो."

मग बांधावरच्या ओळीपाशी थांबला. दोन तऱ्हेने कापलेली झाडं बघून जरा गोंधळला. "ही काढावी लागतील. यंत्र वळायला जागा हवी. आणि ही जात तर विकाऊ नाही."

"हिच्यामुळे फळ धरतं."

"पराग आता विकत मिळतो, साहेब. उडत्या यंत्राने वरून मारतात." त्याने एका खोडावर हात ठेवला. "तुमच्याच हद्दीत आहे ना ओळ?"

अठरा वर्षं ज्या प्रश्नाचं उत्तर मी ओरडून देतोय, तोच प्रश्न. म्हणालो, "कळवतो."

बांधापलीकडे बाई होत्या. त्यांनी ऐकलं असावं. भांडल्या नाहीत, नुसत्या उभ्या राहिल्या. मला ते भांडणापेक्षा वाईट वाटलं.

२३ मार्च

पडद्यावर आज पाच चौकोन. तीन मालक आणि कंपनीचा माणूस. पाचव्यात माझं कपाळ. कंपनीने बागेचा नकाशा दाखवला. त्यात बांधावरच्या ओळीवर लाल रेघ मारली होती. "करार झाला की पहिल्या आठवड्यात ही काढून टाकू," तो माणूस म्हणाला.

"काढा," मोठे मालक म्हणाले. "तिचं उत्पन्न काय असं?"

आणि मी बोललो. ठरवून नाही, तोंडातून निघून गेलं. "काढता येणार नाही. ओळ आपली नाही."

कंपनीच्या माणसाने नकाशा मोठा केला.

"शेजारच्या बाईंची आहे," मी म्हणालो. "त्यांच्या सासऱ्यांनी लावलेली."

"पण तुम्हीच तर इतकी वर्षं आपली म्हणत होतात," मालकीणबाई म्हणाल्या.

"मोजणी कधी झाली नाही. त्यांचंच म्हणणं बरोबर असावं."

धाकटे मालक म्हणाले, "फळं तरी कुणी खात नाही ना? मग असू दे त्यांची. पुढचा विषय घ्या." मोठ्यांनी खांदे उडवले. मालकीणबाईंनी मान हलवली आणि तसं टिपून घेतलं. लाल रेघ नकाशावरून गेली.

संपलं. मी मालकांची ओळ देऊन बसलो. पगार त्यांचा खातो आणि त्यांच्याविरुद्ध बोललो. दुपारभर अस्वस्थ होतो. पण ओळीखाली जाऊन उभा राहिलो, वर माश्यांचा घुमघुमाट चालला होता, आणि खरं सांगायचं तर मला पुन्हा विचारलं असतं तरी मी हेच बोललो असतो.

२४ मार्च

बाईंना स्वतः सांगायला हवं होतं. बांधावर गेलो. त्या शिडीवर होत्या.

"ओळ तुमची," मी म्हणालो.

"काय?"

"मालकांना सांगून टाकलं. ओळ तुमची. कंपनी आली तरी हात लावणार नाही. आता मिरवा."

बाई शिडीवरून उतरल्या आणि बांधावरच बसल्या. माझा मफलर तोंडाशी धरला. डोळ्यांत पाणी. परागाचा त्रास होतो काही लोकांना.

"मालकांनी मान्य केलं?"

"केलं."

"म्हणजे आता वाद नाही? अजिबात?"

"कुणाशी घालू? एकट्याने?"

"मास्तरांसमोर हेच म्हणाल?"

"म्हणेन. तुम्हाला काय, दवंडी पिटायची आहे का?"

त्या एकदम उठल्या, छाटणीची कात्री तिथेच टाकली आणि मास्तरांच्या घराकडे जवळजवळ पळत गेल्या. या वयात! मी कात्री उचलली, पुसली आणि त्यांच्या फाटकाला अडकवून आलो. जिंकल्यावर माणसं हसतात, टोमणे मारतात. या बाईंचं सगळंच उलटं. आणि आपण हरलो की एवढं हलकं का वाटावं, हेही मला समजलेलं नाही.

६ एप्रिल

पाकळ्या गळून गेल्या. फळ धरलंय. बोटाच्या पेरापेक्षा लहान, हिरवी, केसाळ फळं. यंदा नेहमीपेक्षा दाट आहेत.

आज मालकांना मत कळवलं. लिहायला बसलो तेव्हा कागद कोराच राहिला. आजवर मी मालकांना पाऊस कळवला, कीड कळवली, भाव कळवला. मत कधी कळवलं नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं, आणि मीही बरं मानून घेतलं होतं.

शेवटी सरळ लिहिलं: कंपनी जास्त देईल. पण ही बाग एकटी उभी नाही, आजूबाजूच्या बागांच्या जिवावर उभी आहे. त्यांचा पराग, त्यांच्या माश्या, त्यांचं पाण्यावरचं लक्ष. ती मधूनच तोडून दूरच्या पडद्याला बांधली तर फार दिवस बरी राहणार नाही. संस्थेला द्या. माझी खोली दोन्हीकडून जाते, त्यामुळे यात माझा काही फायदा नाही, एवढं खात्रीने सांगू शकतो.

पाठवून दिलं. आज गोळी न घेता रक्तदाब ठीक असेल असं वाटतं. तरी घेतली.

१८ एप्रिल

मालकीणबाईंचा फोन. मोठे शेवटपर्यंत कंपनीच्या बाजूने होते, धाकट्यांना कशाचंच काही नव्हतं. मालकीणबाई म्हणाल्या, "मी त्यांना सांगितलं, या माणसाने अठरा वर्षांत पहिल्यांदा काही मागितलंय, आणि तेही स्वतःसाठी नाही." बाग संस्थेला. वार्षिक सभेत संस्था ठराव करेल, मग सह्या.

"तुम्ही खूश आहात ना?" त्यांनी विचारलं.

"आहे," मी म्हणालो. झाडांसाठी आहेच.

मग ताईला फोन केला, सभा झाली की येतो म्हणून. ताई म्हणाली, "यंत्र काढलंय व्हरांड्यात. पडदेही धुतलेत." बॅग काढली. माझं सामान एका बॅगेत आणि एका खोक्यात मावलं. वाटलं होतं, जास्त असेल. कॅलेंडर मात्र भिंतीवरच ठेवलं. पुढच्याला उपयोगी पडेल, त्यात फवारणीच्या तारखा आहेत.

बांधावर बाई भेटल्या. बॅगेचं त्यांना गिअरने सांगितलं असणार.

"सभेला येणार ना?"

"येईन. नेहमीसारखा."

"नेहमीसारखे नका येऊ," त्या म्हणाल्या. "धुतलेला शर्ट घालून या."

माझे सगळे शर्ट धुतलेलेच असतात. पण भांडलो नाही. आता कशाला.

२६ एप्रिल

सभा झाली. आजचं आजच लिहायला हवं.

सकाळी शेड गच्च भरलेली. मी इस्त्रीचा शर्ट घालून वजनकाट्याजवळच्या बाकावर बसलो. आमच्या बागेचा ठराव आला, सगळे हात वर गेले. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. मनात म्हटलं, झालं, आता चहा प्यायचा आणि निघायचं.

मास्तर उभे राहिले. "पुढचा विषय, नवीन सभासद. अध्यक्षबाईंच्या मालकीची बांधावरची ओळ, जिच्याविषयी आता कुणाचा वाद नाही, त्यांनी यंदापासून कसायला दिली आहे." आणि त्यांनी एक नाव वाचलं. पहिलं, वडिलांचं, आडनाव. मी इकडेतिकडे बघितलं, हा कोण माणूस आला म्हणून. सगळी शेड माझ्याकडे बघत होती. तेव्हा लक्षात आलं, ते माझं नाव आहे. इतक्या वर्षांत कुणी पूर्ण घेतलंच नव्हतं.

"एक मिनिट," मी उठलो. "ओळ माझ्याकडे? कसायला?"

"तुमच्या नावाने," मास्तर म्हणाले. "नियमात बसतं. मी तीनदा वाचलंय. बाईंची बाकी बाग त्यांच्या नावाने नोंदलेली, तिचा तुकडा दुसऱ्याला देता येत नाही; ओळ तेवढी वादामुळे नोंदीबाहेर होती. तुमचा अर्ज बाईंनी लिहिलाय, त्यावर तुमची सही तेवढी बाकी आहे. ती केलीत की तुम्ही सभासद. आणि तुमच्या मालकांची बाग सभासदच पाहील, ही अट आहेच. तो सभासद तुम्ही."

मग एकेक गोष्ट माझ्या डोक्यात शिरायला लागली. मास्तरांची उलटतपासणी. 'आज नाही' म्हणून हसणारा गिअर. शिडीवरून उतरून पळत गेलेल्या बाई. मी कसा हो इतका मठ्ठ?

"पण मला कुणी विचारलं नाही," मी म्हणालो. राग यायला हवा होता. आवाज भलताच निघाला.

"विचारलं असतं तर काय म्हणाला असतात?" बाईंनी विचारलं.

अख्खी शेड एका सुरात ओरडली, "कळवतो!"

छपरावरची कबुतरं उडाली. गिअर तर हसता हसता खोक्यांवर कोसळला. मग त्यांना कळलं, की आपण ते नाव माझ्या तोंडावर घेतलं. सगळे चपापले. मी म्हणालो, "मला पहिल्या वर्षापासून माहीत आहे," आणि पुन्हा तोच गोंधळ.

बाई मात्र हसत नव्हत्या. पुढे आल्या, वजनकाट्यापाशी उभ्या राहिल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "आता विचारते. सभासद होता का?"

"मालकांना—"

"कुठल्या मालकांना?"

मी उत्तर शोधलं. खरोखर शोधलं. मोठे, मालकीणबाई, धाकटे, सगळे डोळ्यांपुढून गेले. त्यांच्यापैकी कुणालाही हे विचारता येत नव्हतं. विचारण्यासारखा माणूस शेडमध्ये एकच होता आणि तो इस्त्रीचा शर्ट घालून बाकापाशी उभा होता.

"होतो," मी म्हणालो.

मास्तरांनी सही घेतली. सभासदांच्या बाकावर लोक सरकले, जागा झाली. मी बसलो. तिथून शेड वेगळीच दिसते, वजनकाटा लांब वाटतो. शेजारच्याने खांद्यावर हात ठेवला आणि काढलाच नाही.

"शेवटचा विषय," बाई जागेवर जाऊन म्हणाल्या. माझा मफलर त्यांनी एवढ्या उन्हाळ्यात गळ्यात घातला होता. "पुढच्या हंगामापासून सर्व सभासदांनी छाटणी आखूड करावी, असा ठराव मी मांडते. सर्व सभासदांनी. बांधावरच्या ओळीसकट." आणि माझ्याकडे बघितलं.

हात वर जायला लागले. पुढच्या बाकाचे, मागच्या बाकाचे, सगळे. माझा गेला नाही.

"विरोधात कुणी?" मास्तरांनी सवयीने विचारलं. मान वर न करता ते 'एकमताने' असं लिहायलाही लागले होते.

मी हात वर केला.

मास्तरांचं पेन थांबलं. नवा सभासद, पहिला ठराव, अध्यक्षांच्या विरोधात. शेजाऱ्याने खांद्यावरचा हात हळूच काढून घेतला.

"आखूड छाटलं की पुढच्या वर्षी फूल कमी येतं," मी म्हणालो. "अठरा वर्षं सांगतोय."

बाई माझ्या वर गेलेल्या हाताकडे बघत राहिल्या. मफलर सारखा केला. मग त्या इतक्या मनापासून हसल्या, की मी त्यांना असं हसताना याआधी कधी बघितलं नव्हतं.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "एकमताने खोडा. विरोधात एक. आणि त्यांचं नाव लिहा. पूर्ण लिहा."